उकिरड्याशेजारचं झाड

२००५ च्या पावसाळ्यात मी एका कृषी विद्यापीठातल्या मोगली एरंडाच्या, म्हणजे जट्रोफाच्या, प्रकल्पावर रुजू झाले. त्याच्या बियांच्या तेलापासून बायोडिझेल, म्हणजे डिझेलमध्ये मिसळता येणारं इंधन, करायचं होतं. तेव्हा सरकारी आणि खासगी रोपवाटिकांमधून त्याची रोपं लाखांनी बाहेर पडत होती, आणि महाराष्ट्रासाठी शिफारस करावं असं एकही वाण आमच्याकडे नव्हतं. अनुदान होतं, लागवडीची उद्दिष्टं होती, तालुक्या-तालुक्याला मेळावे होत होते. वाण तेवढं राहिलं होतं. ते आम्ही शोधायचं होतं, लागवड चालू असतानाच.

ही घाई कुठून आली ते आधी सांगते. ३१ डिसेंबर २००२ ला रेल्वेने दिल्ली-अमृतसर शताब्दी डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळून चालवून पाहिली. पुढच्या वर्षी नियोजन आयोगाच्या जैवइंधन समितीचा अहवाल आला. त्यातला हिशेब सरळ होता. हेक्टरी २,५०० झाडं, झाडामागे दीड किलो बी, म्हणजे हेक्टरी पावणेचार टन; त्यातून साधारण १.२ टन तेल. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण करायचं तर १ कोटी १२ लाख हेक्टर लागवड हवी. छत्तीसगडमध्ये ‘डीजल नहीं अब खाड़ी से, डीजल मिलेगा बाड़ी से’ अशी घोषणा गावोगाव भिंतींवर रंगवलेली होती. आमच्या प्रकल्पप्रमुख सरांकडच्या अहवालाच्या झेरॉक्सवर ‘दीड किलो’ या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती. “हे दीड किलोचं झाड कुठंय ते शोधून आणायचं, बाकी सगळं नंतर,” असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं.

आता हे झाड शोधायचं म्हणजे कुंपणं शोधायची. मोगली एरंड आपल्याकडे पीक म्हणून कधी कोणी लावलाच नाही. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून बांधावर, धुऱ्यावर, कोकणात गडग्याच्या कडेला तो लावायचा. फांदी तोडून जमिनीत खोचली की पावसात फुटते, फार कौतुक लागत नाही. नंदुरबारकडे त्याच्या काडीने दात घासणारे लोक भेटले. चिकाचे फुगे करायचा खेळ तर मला लहानपणापासून ठाऊक होता. पानाच्या देठाचं कडं करायचं, त्यात चिकाचा पडदा धरायचा आणि हळूच फुंकायचं.

निवडीची पद्धत आम्ही वनखात्याच्या कामातून उचलली होती. साग किंवा निलगिरीत जसं ‘प्लस ट्री’ निवडतात, तसं. एखादं झाड भरघोस दिसलं की त्याची उंची, बुंध्याचा घेर, दोन दिशांनी पसारा, फांद्या, फळांचे घोस, एका घोसातली फळं हे मोजायचं; मग आसपासच्या पाच झाडांचं तेच मोजून तुलना करायची. बाकीच्यांपेक्षा ते झाड ठरावीक टक्क्यांनी सरस निघालं तर त्याला क्रमांक मिळायचा, बुंध्याला रंगाचा पट्टा आणि आमच्या थैलीत त्याचं बी.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात असंच एक झाड सापडलं. लांबूनच नजरेत भरत होतं. पानं काळीभोर हिरवी, घोस लगडलेले, शेजारची झाडं त्याच्यापुढे किरकोळ. मी उत्साहाने टेप काढला. शेताचे मालक म्हातारे होते, बाजूला उभे राहून शांतपणे बघत होते. मोजून झाल्यावर मी विचारलं, हे झाड कुठून आणलं? ते म्हणाले, “कुठून म्हंजे? हे सारं कुंपण माह्या बापानं लावलं. सगळे फोक त्या विहिरीजवळच्या एकाच झाडाचे. हे जोमात आहे, कारण इकडे उकिरडा होता ना पोरी.”

त्या एका वाक्यात आमच्या पद्धतीतली मेख होती. फांदी लावून वाढवलेलं झाड म्हणजे मूळ झाडाचीच नक्कल, जनुकं तीच. त्या सबंध कुंपणात खरं तर एकच झाड होतं, जागोजागी उभं. आम्ही मोजलेला फरक खताचा आणि ओलाव्याचा होता. सागाच्या जंगलात प्रत्येक झाड बियांतून आलेलं असतं, म्हणून तिथे शेजाऱ्याशी तुलना चालते. कुंपणात ती चालत नाही. सरांना सांगितलं तेव्हा ते हसले आणि त्याच संध्याकाळी फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: ‘झाडाजवळ काय आहे’. उकिरडा, मोरी, गोठा, कॅनॉल, विहिरीचं थारोळं. तो रकाना भरायला लागल्यावर आमची ‘सरस’ झाडं भराभर गळायला लागली.

हे आमच्यापुरतंच नव्हतं. २००७ मध्ये हैदराबादच्या तेलबिया संशोधन संचालनालयातल्या शास्त्रज्ञांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतले ४२ नमुने डीएनए मार्कर, म्हणजे जनुकीय फरक दाखवणाऱ्या खुणा, लावून तपासले. भारतातले नमुने एकमेकांना फार जवळचे निघाले. त्यांच्यासोबत ठेवलेला मेक्सिकोतला बिनविषारी नमुना मात्र स्पष्ट वेगळा पडला. कारण इतिहासात आहे. ही वनस्पती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ती आफ्रिकेत आणि आशियात आली असं मानतात. आली असेल ती मूठभर बियांतून, आणि पुढे पसरली फांद्या खोचून. विविधता सगळी मागे, मूळ घरी राहिली. ज्या पिकात वेगळेपणाच नाही त्यात नुसती निवड करून किती पुढे जाणार? पैदासकाराचं, म्हणजे नवं वाण घडवणाऱ्याचं, काम मुळात फरकावर चालतं.

तरी बी गोळा होत राहिलं. शंभर बियांचं वजन, टरफलाचं प्रमाण, तेल. तेल काढायला सॉक्सलेट नावाचं उपकरण. बी दळून कागदी नळकांड्यात भरायचं, खाली हेक्झेन हे तेल विरघळवणारं द्रावक उकळत ठेवायचं, त्याची वाफ वर जाऊन थंड होते, बियांतून झिरपते, तेल घेऊन खाली उतरते, पुन्हा वर. सहा-आठ तास हे चालायचं आणि लोडशेडिंगच्या वेळा पाहूनच लावावं लागायचं. इथे एक गंमत कळली, जिच्यावर बरेच लोक फसले असावेत. मोगली एरंडाच्या सबंध बियांत तेल साधारण ३० ते ३८ टक्के. टरफल काढून नुसत्या मगजाचं मोजलं तर तेच ५० च्या पुढे जातं, कारण टरफलाचंच वजन बियांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असतं आणि त्यात तेल जवळपास नाहीच. मेळाव्यांत वाटल्या जाणाऱ्या पत्रकांत ‘५५ टक्के तेल’ असं छापलेलं असायचं. खोटं म्हणता येत नव्हतं. मगजाचा आकडा होता तो. पण तेलघाण्यात शेतकरी मगज सोलून टाकत नाही, सबंध बी टाकतो, आणि एक्सपेलरमधून, म्हणजे गाळपाच्या यंत्रातून, लिटरभर तेलाला चार किलोच्या आसपास बी लागतं.

तेलाची प्रत मात्र खरंच चांगली होती, हे सांगायला हवं. तेलातल्या मेदाम्लांपैकी ओलिक आम्ल चाळीस टक्क्यांच्या वर, लिनोलिक तिशीत, पामिटिक पंधराच्या आसपास. बायोडिझेलला ही घडण मानवते. ताजं आणि नीट वाळवलेलं बी असेल तर मिथेनॉल आणि कॉस्टिक पोटॅश घालून तेलाचं मिथिल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, सहज होतं, खाली ग्लिसरिन बसतं. जुनं, ओलसर ठेवलेलं बी आलं की तेलातली मुक्त मेदाम्लं वाढलेली असायची आणि एस्टरऐवजी बरणीत साबणाचा लगदा व्हायचा. पैदासकार म्हणून माझा त्या भागाशी संबंध कमी, पण रसायनशास्त्र विभागातली मंडळी बियांच्या पोत्यांवरून आमच्याशी भांडायला यायची ते आठवतं.

गाळून उरलेल्या झाडांचं बी पिशव्यांत लावून रोपं केली आणि प्रक्षेत्रावर तुलनेची चाचणी घातली. ठिकाण मुद्दाम मुरमाड निवडलं, कारण सगळी योजनाच पडीक जमिनीसाठी होती. पहिल्या वर्षी झाडं नुसती वाढली. उन्हाळ्यात पानं झडून खराटे झाली, पाहुणे आले की “मेलीत का हो?” विचारायचे. मेलेली नसायची. दुष्काळात जिवंत राहण्यात या झाडाचा हात कोणी धरणार नाही. घोटाळा हा की जिवंत राहणं आणि बी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रचारात त्या एकच करून टाकल्या होत्या. तिसऱ्या वर्षीसुद्धा मुरमाड भागातली बहुतेक झाडं शे-दोनशे ग्रॅमच्या पुढे सरकली नाहीत. खालच्या अंगाला, जिथे पाझराचं पाणी यायचं, तिथे तीच झाडं बरी देत होती. एकाच नमुन्याची झाडं वरच्या आणि खालच्या पट्ट्यात पाहिली की कोणता नमुना आहे हे ओळखूच येत नसे.

बी कमी का येतं याचं उत्तर फुलांत होतं, आणि या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच. मोगली एरंडाच्या एका गुच्छात शंभर-दोनशे फुलं असतात, हिरवट पिवळी, बारीक. त्यात नर आणि मादी फुलं वेगळी. मादीफुलं बहुधा गुच्छाच्या फांद्यांच्या मधोमध, जरा टपोऱ्या कळीची. आणि त्यांचं प्रमाण: एका मादीफुलामागे पंचवीस-तीस नरफुलं. म्हणजे एवढा मोठा गुच्छ फुलून शेवटी हाती पाच-दहा फळं. एका फळात तीन बिया. झाडाने सगळी ताकद परागावर उधळायची आणि आपण त्याच्याकडून तेल मागायचं, असा हा मामला. म्हणून आम्ही निवडीचा निकष बदलला. पसारा, उंची बाजूला ठेवून गुच्छातली मादीफुलं मोजायला लागलो. हा गुण झाडागणिक थोडा तरी टिकून दिसत होता. तरी त्यावरही हवामानाचा आणि खताचा परिणाम होतोच. नंतर चिनी संशोधकांनी बेंझिलअॅडेनिन हे संजीवक फवारून मादीफुलांची संख्या कितीतरी वाढवून दाखवली, म्हणजे हा गुण बाहेरूनही हलतो.

संकराचं काम सकाळी लवकर चालायचं. इथे पुंकेसर उपटत बसावं लागत नाही, हे त्यातल्या त्यात सुख. नरकळ्या चिमट्याने खुडायच्या, मादीकळ्या तेवढ्या ठेवायच्या आणि गुच्छावर बटर पेपरची पिशवी चढवायची. नरकळी एखादी जरी राहिली तरी काम वाया, आणि अगदी बारीक कळ्या पानाच्या बगलेत दडलेल्या असतात. मादीफूल उमललं की दुसऱ्या झाडाचं ताजं नरफूल तोडून त्याचे परागकोश स्त्रीकेसराच्या तीन टोकांवर फिरवायचे, पिशवी परत, टॅग. मुंग्या हा मोठा वैताग. मधासाठी त्या पिशवीच्या घडीतूनही आत शिरतात. आमच्याकडच्या मजूर बायांपैकी एकीचा हात असा बसला होता की तिने केलेल्या गुच्छात फळधारणा हमखास माझ्यापेक्षा जास्त असे. ती पिशवीचं तोंड बांधताना देठाला एरंडेलात बुडवलेला कापसाचा पेळू गुंडाळायची. कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, लोणच्याच्या बरणीला मुंग्या लागू नयेत म्हणून करतोच की.

आपल्याच नमुन्यांचे आपसात संकर करून फारसं काही हाती येणार नाही हे एव्हाना कळलं होतं. मग मोगली एरंडाच्या नातेवाइकांकडे, म्हणजे जवळच्या जातींकडे, वळलो. विद्यापीठाच्या अतिथिगृहासमोर शोभेचा जट्रोफा होता, बारमाही लाल फुलांचा, मूळचा क्युबाकडचा. शास्त्रीय नाव जट्रोफा इंटेजेरिमा. गुणसूत्रं दोघांचीही २२. याचा संकर एकाच बाजूने जमतो: मोगली एरंड मादी, लाल फुलांचा नर. उलट केलं तर फळ धरत नाही. आमचे जमले. पहिल्या पिढीतली झाडं बघायला प्रक्षेत्रावरचे सगळे येऊन गेले, कारण फुलं गुलाबी होती. माळीकाका म्हणाले, डिझेल राहू द्या, कुंड्यांत लावून विका. बी मात्र बारीक आणि थोडं. फुलं खूप येतात, झाड आटोपशीर राहतं, हे गुण घ्यायचे आणि बी परत मोठं करायचं तर मोगली एरंडाशी पुन्हा पुन्हा संकर करत जावं लागतं; याला उलटसंकर म्हणतात. ते आम्ही सुरू केलं.

आणखी एक अडचण होती, जिच्याबद्दल योजनेच्या कागदांत फारसं कोणी बोलत नव्हतं. या झाडावर एकाच वेळी फुलं, हिरवी फळं, पिवळी फळं आणि वाळून काळी पडलेली फळं असतात. कापूस वेचतात तसे वेचे करावे लागतात, आणि कापसाला मिळतो तो भाव इथे नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्राने खरेदी धोरण जाहीर केलं. तेल कंपन्यांनी जानेवारी २००६ पासून बायोडिझेल लिटरला २५ रुपयांनी घ्यायचं, पुढे ते २६.५० झालं. चार किलो बी, किलोला सहा रुपये धरले तर नुसत्या बियांचेच २४ झाले. गाळप, मिथेनॉल, वाहतूक कशातून? आणि शेतकऱ्याला सहा रुपयांत किलोभर बी वेचून, फोडून, वाळवून द्यायचं. मराठवाड्यातल्या एका शेतकऱ्याने मला त्याचा प्लॉट दाखवला होता. एका खासगी कंपनीने रोपं विकताना बी परत घेण्याचा करार केला होता. बी तयार झालं तेव्हा फोन उचलायला कोणी नव्हतं. “मॅडम, याचं जळण बी नीट व्हत नाही,” एवढंच तो म्हणाला. त्या कराराचा कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता.

पेंडीचाही आधार नव्हता. शेंगदाणा, करडई, सोयाबीन यांत तेलाबरोबर पेंडीचाही पैसा होतो, सोयाबीनमध्ये तर बहुधा तेलाहून जास्त. मोगली एरंडाच्या पेंडीत फोर्बॉल एस्टर ही विषारी द्रव्यं; गुरांना घालता येत नाही, शेतात खत म्हणूनच जाते. बी चवीला शेंगदाण्यासारखं लागतं म्हणतात, म्हणून तर शाळकरी पोरांना विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात. आम्ही प्रक्षेत्राच्या तारेवर कवटीचं चित्र लावलं होतं. आसपासच्या मुलांनी ते पळवल्यावर दुसरं रंगवून घेतलं. मेक्सिकोतला बिनविषारी प्रकार हाती आला असता तर पेंड विकता आली असती. त्यासाठी पत्रव्यवहार भरपूर झाला. बी आमच्यापर्यंत आलं नाही.

याच काळात गुजरातेत सरदारकृषिनगरच्या विद्यापीठाने निवडीतून ‘छत्रपती’ हे वाण दिलं. जपानमधल्या काझुसा डीएनए संशोधन संस्थेने २०१० च्या अखेरीस मोगली एरंडाच्या जीनोमचा, म्हणजे सबंध जनुकीय माहितीचा, आराखडा प्रसिद्ध केला. दिशा चुकीची नव्हती. वेळेचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही, तो मी आता रोज मांडते, कारण प्रकल्प संपल्यावर मी करडईवर गेले. करडईत संकर केला की दर रब्बीला एक पिढी पुढे. सहाव्या पिढीपर्यंत ओळी बऱ्यापैकी स्थिर होतात, मग दोन-तीन वर्षं बहुस्थानी चाचण्या. दहा-बारा वर्षांत वाण शेतकऱ्याच्या हातात. आणि हे अशा पिकात, ज्यात शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं आधीच निवड करून ठेवलेली आहे. मोगली एरंडात एका पिढीचा नीट अंदाज यायला तीन वर्षं लागतात. लाल फुलांच्या जातीकडून गुण आणून तीनदा उलटसंकर करायचा म्हटलं तरी एक तप गेलं, चाचण्या त्यानंतर. आमच्या प्रकल्पाला मंजुरी पाच वर्षांची होती. २००३ च्या अहवालातली मुदतही आठ-नऊ वर्षांचीच.

२७ ऑगस्ट २०१८ ला स्पाइसजेटचं विमान देहरादूनहून दिल्लीला जट्रोफाचं इंधन मिसळून उडालं, तेव्हा जुन्या सहकाऱ्यांचे अभिनंदनाचे मेसेज आले. इंधन देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने तयार केलं होतं, बी छत्तीसगडच्या शेतकऱ्यांचं. मलाही आनंद झाला. एका उड्डाणापुरतं बी गोळा करता येतं, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. त्याच वर्षीच्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल असं उद्दिष्ट आलं, आणि अखाद्य तेलबियांबरोबर वापरून झालेलं खाद्यतेलही त्यात धरलं गेलं. हॉटेलांच्या कढईतलं काळं तेल गोळा करणं मुरमाडावर झाडं लावण्यापेक्षा स्वस्त पडतं, यात मला काही अपमान वाटत नाही.

जुन्या चाचणीतला थोडा भाग अजून शिल्लक आहे, गुलाबी फुलांच्या उलटसंकराच्या काही ओळींसकट. गेल्या खरिपात एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीने त्यांच्यातलं नर-मादी फुलांचं प्रमाण पुन्हा मोजायला घेतलं. तिने आणलेल्या तक्त्यात गुच्छ, फुलं, फळं, सगळे रकाने व्यवस्थित होते. त्यात एक नव्हता. तिला पाझर कुठून येतो ते दाखवायला आम्ही दोघी छत्री घेऊन खालच्या पट्ट्यापर्यंत गेलो.